काउन्टे कलन : कवी आणि शाळेतला शिक्षक

साहित्याचे इतिहास बहुधा ग्रंथांच्या प्रकाशनवर्षांवर उभे असतात. ज्या वर्षी ग्रंथ निघाला ते वर्ष भरलेले, ज्या वर्षी निघाला नाही ते रिकामे, असा त्यांचा हिशेब असतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कवी काउन्टे कलन (१९०३-१९४६) याच्या चरित्राची वाटणीही याच हिशेबाने झाली आहे. १९२५ ते १९२९ या काळात त्याचे चार काव्यग्रंथ आणि त्याने संपादित केलेला एक कवितासंग्रह प्रसिद्ध झाला, आणि 'हार्लेम रेनेसाँ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाङ्मयीन जागृतीच्या अग्रणींत त्याची गणना होऊ लागली. १९३४ पासून मृत्यूपर्यंतची बारा वर्षे तो न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील मुलांच्या एका शाळेत शिक्षक होता. पहिल्या काळावर विपुल लेखन झाले आहे. दुसऱ्या काळाची संभावना मात्र बहुधा प्रतिभेची ओहोटी म्हणून केली जाते आणि एकदोन वाक्यांत तो संपविला जातो.

प्रस्तुत लेखात कलनचे चरित्र सांगताना त्या बारा वर्षांना त्यांचे न्याय्य स्थान द्यावे, असा हेतू आहे. बारा ते पंधरा या वयातील कृष्णवर्णीय मुलाच्या आयुष्यात विश्वासाच्या एका मोठ्या माणसाचे असणे किंवा नसणे, हा प्रश्न अमेरिकेत आजही ज्वलंत आहे. साहित्याच्या अभ्यासकालाही तो परका मानता येणार नाही. लेखकाचा जन्म पुस्तकात होण्यापूर्वी बहुधा तो कुठल्यातरी शाळेच्या बाकावर झालेला असतो.

१

कलनचा जन्म ३० मे १९०३ रोजी झाला. जन्मस्थानाबद्दल मात्र एकवाक्यता नाही. महाविद्यालयीन कागदपत्रांत केंटकी राज्यातील लुईव्हिल हे गाव नोंदलेले आहे. पुढे तो स्वतः न्यूयॉर्कचे नाव सांगू लागला. बाल्टिमोरचाही उल्लेख आढळतो. आईवडिलांविषयी त्याने जवळजवळ मौन पाळले. लहानपणी पोर्टर आडनावाच्या एका वृद्ध स्त्रीने, बहुधा त्याच्या आजीने, त्याचा सांभाळ केला. तिच्या मृत्यूनंतर, पौगंडावस्थेच्या उंबरठ्यावर, हा मुलगा हार्लेममधील सेलम मेथडिस्ट चर्चचे धर्मोपदेशक रेव्हरंड फ्रेडरिक कलन आणि त्यांच्या पत्नी कॅरोलिन यांच्या घरी आला. रीतसर दत्तकविधान झाले नसावे. परंतु मुलाने त्यांचे आडनाव घेतले आणि जन्मभर त्यांनाच आईवडील मानले.

रेव्हरंड कलन हे साधे धर्मोपदेशक नव्हते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संस्थेच्या कार्यात ते अग्रभागी होते. ईस्ट सेंट लुई येथील वंशद्वेषी हत्याकांडाच्या निषेधार्थ १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये जो मूक मोर्चा निघाला, त्याच्या संयोजकांत त्यांचा समावेश होता. रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांना चर्चच्या छत्राखाली आणण्यासाठी त्यांनी खेळांचे मंडळ चालविले. पुढे जगज्जेता झालेला मुष्टियोद्धा शुगर रे रॉबिन्सन हा पोरवयात याच 'सेलम क्रेसंट' मंडळाच्या तालमीत घडला. म्हणजे कलन ज्या घरात वाढला तेथे दुसऱ्याच्या मुलांना आपली म्हणणे हा रोजचा व्यवहार होता. तो स्वतःच त्या व्यवहाराचे एक फळ होता. त्याच्या उत्तरायुष्याकडे पाहताना ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही.

डिविट क्लिंटन या मुलांच्या नामांकित हायस्कूलात त्याचे शिक्षण झाले. तेथे गोऱ्या मुलांचे प्राबल्य होते. शाळेच्या साप्ताहिकाचे आणि 'मॅगपाय' या वाङ्मयीन नियतकालिकाचे संपादनकार्य त्याच्याकडे आले. मृत्यूशी ठरलेल्या भेटीविषयी ॲलन सीगर या कवीने पहिल्या महायुद्धात लिहिलेली कविता तेव्हा सर्वतोमुखी होती. जीवनाशीच आपली भेट ठरली आहे, असे तिला उत्तर देणारी कविता शाळकरी कलनने लिहिली आणि तिला पारितोषिक मिळाले. ही कविता आणि हे नियतकालिक वाचकांनी ध्यानात ठेवावे. वीस वर्षांनी दोन्ही पुन्हा एकत्र येणार आहेत.

२

न्यूयॉर्क विद्यापीठाची पदवी त्याने १९२५ साली सन्मानपूर्वक मिळविली. 'कलर' हा पहिला संग्रह त्याच वर्षी हार्पर या मान्यवर प्रकाशनसंस्थेने काढला, आणि बाविसाव्या वर्षी तो कीर्तीच्या शिखरावर पोहोचला. पुढील वर्षी त्याने हार्वर्डची एम.ए. पदवी घेतली. 'ऑपॉर्च्युनिटी' या मासिकाचा तो साहाय्यक संपादक झाला आणि त्यात 'द डार्क टॉवर' हे वाङ्मयविषयक सदर लिहू लागला. १९२७ साली 'कॉपर सन', 'द बॅलड ऑफ द ब्राउन गर्ल' आणि 'कॅरोलिंग डस्क' हा संपादित संग्रह, तर १९२९ साली 'द ब्लॅक ख्राइस्ट' प्रसिद्ध झाला.

कीट्स हे त्याचे दैवत होते. सुनीत, बॅलड, यमकबद्ध चतुष्पदी हे इंग्रजी कवितेचे परंपरागत घाट त्याने निष्ठेने हाताळले. त्यांत भरलेला आशय मात्र परंपरागत नव्हता. 'इन्सिडंट' ही त्याची छोटी कविता या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. बाल्टिमोरला आलेल्या आठ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला त्याच्याच वयाचा एक गोरा मुलगा एका शब्दाने हिणवितो. त्या शहरातील कित्येक महिन्यांच्या मुक्कामातून पुढे त्याला तेवढेच आठवते. बालगीतासारख्या सोप्या छंदात हा घाव बसविला आहे. एखाद्या मुलाचे संपूर्ण शहर एका शब्दाने पुसले जाऊ शकते, हे ज्याला इतके नेमके कळले होते, त्याने पुढे मुलांसमोर उभे राहण्याचा व्यवसाय स्वीकारावा, यात संगती आहे.

कलनला 'निग्रो कवी' म्हणून ओळखले जाणे मान्य नव्हते; त्याला केवळ कवी व्हायचे होते. 'कॅरोलिंग डस्क'च्या उपशीर्षकातही त्याने निग्रो कविता हा शब्दप्रयोग टाळून निग्रो कवींनी लिहिलेली कविता अशी रचना योजली. लँग्स्टन ह्यूज याने १९२६ साली 'द नेशन'मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात या भूमिकेवर कठोर टीका केली. निबंधाच्या आरंभी येणारा अनाम तरुण कवी म्हणजे कलनच, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ह्यूजच्या मते अशा इच्छेच्या तळाशी गोरे होण्याची इच्छा दडलेली असते. हा वाद भारतीय वाचकाला नवा वाटणार नाही. लेखकामागे लागणारे विशेषण त्याला बळ देते की बांधून टाकते, हा प्रश्न दलित साहित्याच्या चर्चेतही वारंवार उपस्थित झालेला आहे.

९ एप्रिल १९२८ रोजी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांची कन्या योलांड हिच्याशी त्याचा विवाह झाला. हार्लेमच्या सामाजिक जीवनातील तो एक मोठा सोहळा होता. हजारो लोक सेलम चर्चमध्ये लोटले. दोनच वर्षांत घटस्फोट झाला. गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर तो पॅरिसला राहिला आणि फ्रान्स ही त्याची आवडती भूमी झाली. १९३२ साली कादंबरी आणि १९३५ साली युरिपिडिसच्या 'मीडिया'चे भाषांतर आले. परंतु कवितेचा पहिला ओघ राहिला नाही. दरम्यान १९२९ च्या आर्थिक अरिष्टाने हार्लेमच्या जागृतीला लाभलेला आश्रय आटून गेला होता.

३

१९३४ मध्ये कलन फ्रेडरिक डग्लस ज्युनियर हायस्कूलमध्ये फ्रेंचचा अध्यापक म्हणून रुजू झाला. ज्युनियर हायस्कूल म्हणजे सातवी ते नववीचे वर्ग. ज्या डग्लसचे नाव शाळेला होते, त्याने गुलामीत असतानाच मेरीलँडमध्ये आपल्या बरोबरीच्या गुलामांना चोरून अक्षरओळख करून दिली होती. नाव असे थोर. पण शाळेभोवतीची परिस्थिती बिकट होती.

कलन रुजू झाल्यानंतर थोड्याच काळाने, १९ मार्च १९३५ रोजी, हार्लेममध्ये दंगल उसळली. एका दुकानात छोटा चाकू उचलताना सोळा वर्षांचा एक पोर्तोरिकन मुलगा पकडला गेला. त्याला मारहाण करून ठार केल्याची अफवा पसरली. वस्तुतः मुलाला सोडून देण्यात आले होते. परंतु बेकारीने आणि अपमानाने गांजलेल्या वस्तीला ती अफवा सहज खरी वाटली. महापौर ला गार्डिया यांनी कारणांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, आणि त्याच्या सदस्यांत काउन्टे कलनचे नाव होते. समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांच्या देखरेखीखाली आयोगाचे संशोधन झाले. रोजगार, घरे, पोलीस, रुग्णालये यांच्या जोडीने शाळांचीही पाहणी झाली. जुनाट इमारती, खच्चून भरलेले वर्ग, अपुरी साधने असे चित्र पुढे आले. अहवाल तयार झाल्यावर महापौरांनी तो प्रसिद्ध केला नाही. अखेर 'ॲमस्टरडॅम न्यूज' या हार्लेमच्या वृत्तपत्राने जुलै १९३६ मध्ये तो छापला.

या प्रसंगाचे महत्त्व असे की, कलनच्या अध्यापनाकडे केवळ सहृदय गुरूची कथा म्हणून पाहता येत नाही. एका मुलाचा हात धरणे आणि त्या मुलाला ज्या व्यवस्थेत वाढावे लागते तिची चौकशी करणे, ही दोन्ही कामे तो एकाच वेळी करीत होता. पहिल्या कामाने दुसऱ्याची गरज संपत नाही, आणि दुसरे काम तडीस जाईपर्यंत वर्गातला मुलगा थांबून राहू शकत नाही. व्यवस्था दहा वर्षांनी बदलेल. मुलगा दहा वर्षांत मोठा झालेला असेल.

४

१९३५ च्या सुमारास या शाळेत एक हडकुळा, बुटका, मोठ्या डोळ्यांचा मुलगा दाखल झाला. त्याचे नाव जेम्स बॉल्डविन. जन्म २ ऑगस्ट १९२४. नऊ भावंडांत थोरला. घरात दारिद्र्य होते आणि सावत्र वडील कडवे धर्मोपदेशक होते. धर्मग्रंथाबाहेरच्या वाचनाकडे ते संशयाने पाहत. मुलाला आपण कुरूप आहोत असे घरातच ऐकावे लागे. प्राथमिक शाळेत काही शिक्षिकांनी त्याची बुद्धी ओळखली होती. परंतु बालपण सरताना, रस्त्याची ओढ आणि भीती एकदमच सुरू होते त्या वयात, मुलाला पुरुषाचे उदाहरण हवे असते. ते त्याला डग्लस शाळेत मिळाले.

कलन तेथे वाङ्मय मंडळाचा मार्गदर्शक होता आणि बॉल्डविन त्या मंडळात होता. हर्मन पोर्टर हे गणिताचे शिक्षक, हार्वर्डचे पदवीधर, 'डग्लस पायलट' या शालेय नियतकालिकाची जबाबदारी सांभाळीत. त्यांनी बॉल्डविनकडे संपादनाचे काम दिले. हार्लेमच्या भूतवर्तमानावर लेख लिहावयाचा ठरला, तेव्हा पोर्टर यांनी मुलाला बेचाळिसाव्या रस्त्यावरील सार्वजनिक ग्रंथालयात नेले. हार्लेमच्या मुलाला ती भव्य वास्तू दुसऱ्या देशासारखी वाटावी अशीच होती. १९३७ साली तो लेख छापून आला.

या शिक्षकांनी केले ते बाहेरून पाहता किरकोळ भासेल : एक मंडळ, एक अंक, एक फेरफटका, लिहिलेल्या मजकुरावर चार खुणा. परंतु यांतील प्रत्येक गोष्टीत मुलाला काहीतरी सोपविले गेले आहे. उपदेश ऐकणाऱ्या मुलाला फक्त कान असावे लागतात. अंकाचे संपादन करणाऱ्या मुलाला जबाबदारी असते, आणि चुकण्याचा अधिकारही असतो. शिवाय कलनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडत होती. ज्याची पुस्तके ग्रंथालयात आहेत, असा कृष्णवर्णीय मनुष्य रोज सकाळी त्याच जिन्याने वर येत होता. लेखक होणे शक्य आहे हे त्या मुलाला पटवून द्यावे लागले नाही. ते त्याच्या डोळ्यांसमोर वावरत होते.

पुढे कोणत्या शाळेत जावे हा प्रश्न आला, तेव्हा कलनने आपलीच जुनी शाळा, डिविट क्लिंटन, सुचविली. ती एव्हाना ब्राँक्समध्ये हलली होती. १९३८ मध्ये बॉल्डविन तेथे गेला आणि 'मॅगपाय'च्या संपादक मंडळात आला. छायाचित्रकार म्हणून पुढे ख्यातनाम झालेला रिचर्ड ॲव्हेडॉन तेथेच त्याचा सहकारी होता. त्या नियतकालिकाच्या १९४२ च्या हिवाळी अंकात बॉल्डविनने घेतलेली काउन्टे कलनची मुलाखत प्रसिद्ध झाली, आणि मुलाखतीचे शीर्षक कलनच्या त्या शाळकरी कवितेवरून घेतलेले होते. ज्या पानांवर एका कृष्णवर्णीय मुलाने वीस वर्षांपूर्वी लेखणी चालविली होती, त्याच पानांवर त्याचा विद्यार्थी त्याला प्रश्न विचारीत होता. साहित्यपरंपरा म्हणजे काय, याचे याहून मूर्त उदाहरण क्वचितच सापडेल.

तथापि येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. बॉल्डविन कलनचा वाङ्मयीन वारस नव्हे. त्याचे गद्य बायबलच्या लयीतून आणि चर्चच्या व्यासपीठावरून आले. कलनच्या सुनीतांशी त्याचे फारसे नाते नाही. डग्लस शाळेमुळे त्याची पुढची वाट सोपी झाली असेही नाही. चौदाव्या वर्षी तो धर्मोपदेशक झाला, नंतर चर्च सोडले, मिळेल ती कामे केली, आणि १९४८ साली देश सोडून फ्रान्सला गेला. शिक्षकाने मुलाला आपली प्रतिकृती केले नाही हेच येथे यश मानावयास हवे. त्याने शैली दिली नाही, शक्यता दिली.

५

बारा वर्षांत त्या वर्गातून गेलेल्या इतर शेकडो मुलांची नावे साहित्याच्या इतिहासात नाहीत. कलनच्या कामाचे मोल एका बॉल्डविनवरून ठरविणे म्हणजे प्रकाशनवर्षांचाच हिशेब पुन्हा मांडणे होय. तो ज्या निष्ठेने शिकवीत राहिला ती प्रसिद्ध होणाऱ्या मुलासाठी राखून ठेवलेली नव्हती.

याच काळात त्याचे लेखन मुलांकडे वळले. १९४० साली 'द लॉस्ट झू' आणि १९४२ साली 'माय लाइव्ह्ज अँड हाउ आय लॉस्ट देम' ही पुस्तके आली. दोन्हींचे सहलेखकत्व त्याने आपल्या ख्रिस्तोफर या मांजराला दिले. पहिल्या पुस्तकात नोआच्या तारवात जागा घेऊ न शकलेल्या, म्हणून जगातून नाहीशा झालेल्या काल्पनिक प्राण्यांच्या कविता आहेत. वरवर हा विनोद आहे. परंतु तारू सुटताना कोण किनाऱ्यावर राहिले याची नोंद ठेवणारा हा कवी दिवसभर कोणत्या मुलांत वावरत होता, हे जाणणाऱ्याला या विनोदाची दुसरी बाजूही दिसेल.

१९४० साली आयडा मे रॉबर्सन हिच्याशी त्याने दुसरा विवाह केला. आर्ना बॉन्टेम्प्सच्या सहकार्याने लिहिलेल्या 'सेंट लुई वुमन' या संगीतिकेवर कृष्णवर्णीयांचे हीन चित्रण केल्याचा आरोप झाला. त्याचा त्याला मनस्ताप झाला. ९ जानेवारी १९४६ रोजी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. तेव्हाही तो शिक्षकच होता. ती संगीतिका मार्चअखेर रंगभूमीवर आली, आणि त्याने स्वतः निवडलेल्या कवितांचा संग्रह १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५१ साली हार्लेममधील सार्वजनिक ग्रंथालयाच्या शाखेला त्याचे नाव देण्यात आले. मुलांना ग्रंथालयाची वाट दाखविणाऱ्या शाळेतील शिक्षकाला याहून उचित स्मारक कोणते?

६

अमेरिकेत मुलांना वडीलधाऱ्यांची साथ मिळवून देण्याचे संघटित प्रयत्न जुने आहेत. न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातील एक अधिकारी अर्नेस्ट कूल्टर यांनी १९०४ साली 'बिग ब्रदर्स' चळवळीला आरंभ केला. अध्यक्ष बराक ओबामा यांनी २०१४ साली 'माय ब्रदर्स कीपर' हा उपक्रम कृष्णवर्णीय आणि इतर वर्णभेदपीडित समाजांतील मुलांसाठी सुरू केला. अशा योजनांवर एक रास्त आक्षेप घेतला जातो : मुलगा सुधारला की प्रश्न सुटला, असा भ्रम त्यांतून निर्माण होतो आणि शाळा, पोलीस, रोजगार यांची जबाबदारी अलगद बाजूला पडते. कलनचे चरित्र या आक्षेपाला उत्तर देत नाही. ते आक्षेप मान्य करून पुढे जाते. आयोगाचा सदस्य आणि वाङ्मय मंडळाचा मार्गदर्शक हे एकाच माणसाचे दोन हात होते.

मराठीच्या संदर्भात या कथेचे धागे दूरचे असले तरी खरे आहेत. कलनच्या मृत्यूच्याच वर्षी, १९४६ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या आणि अस्पृश्यांच्या प्रश्नांतील साम्याकडे लक्ष वेधले होते. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील 'ब्लॅक पँथर'वरून घेतले. आपल्या तौलनिक अभ्यासात ही चळवळींची आणि घोषणांची साम्ये पुष्कळदा येतात. शाळेच्या बाकाजवळची साम्ये फारशी येत नाहीत. मुंबईच्या बागेत वाचत बसणाऱ्या शाळकरी भीमरावाला पुस्तके पुरविणारे, १९०७ साली मॅट्रिकच्या यशानिमित्त स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी आणि हार्लेमच्या शाळेतील काउन्टे कलन यांना एकमेकांची वार्ताही नव्हती. दोघेही लेखक होते. दोघांनीही एका मुलाला योग्य वयात पुस्तकापर्यंत आणि पुस्तकामागच्या माणसापर्यंत पोहोचविले.

बॉल्डविनने १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये शिक्षकांपुढे एक भाषण केले. कृष्णवर्णीय मुलाला त्याच्याविषयी जे खोटे सांगितले जाते ते ओळखावयास शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्य होय, असा त्याचा आशय होता. त्या भाषणाचा अभ्यास करताना वक्ता कोणत्या शाळेत शिकला आणि तेथे त्याला कोण भेटले, हेही विचारले जावे. कलनच्या ग्रंथसूचीत त्या बारा वर्षांपुढे फार थोडी नावे आहेत; परंतु त्या वर्षांना ओहोटी म्हणण्यापूर्वी आपण किनारा नीट पाहिलेला असावा.